मॉडिफाय केलेल्या गाडीचा गिअर अडतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

नवा कडक क्लच बसला, शॉर्ट शिफ्टर (चाल कमी करणारा गिअर लिव्हर) लागला, इंजिनाचे माउंट बदलले आणि मग एक दिवस उभ्या गाडीत पहिला गिअर पडेना. पडला तर 'खट्' करून, आणि रिव्हर्स तर करकरल्याशिवाय नाहीच. संशय लगेच गिअरबॉक्सवर जातो, कारण आवाज तिथून येतो आणि अडथळा हाताला तिथेच लागतो. माझा अनुभव मात्र असा की छेडछाड झालेल्या गाडीत गिअरबॉक्स बहुतेक वेळा बिचारा निर्दोष असतो. एक तर क्लच पूर्ण सुटत नसतो, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण वेगळे होत नाहीत, नाहीतर लिव्हर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये काहीतरी बिनसलेले असते. हे दोन्ही बऱ्याचदा बाहेरूनच दुरुस्त होते. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे अख्खा दिवस जातो, आणि एवढे करून आत काहीच सापडले नाही तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कामाला लागण्यापूर्वी एक कागद घ्या. गाडीत शेवटी काय काय बदलले, ते तारखेच्या क्रमाने लिहा. क्लच, फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचे जड चक्र, ज्यावर क्लच बसतो), सायलेन्सर, एअर फिल्टरचा पाइप, सीट, कार्पेट, ऑईल, सगळे. ज्याचा गिअरशी संबंध वाटत नाही तेही लिहा. त्रास कधी सुरू झाला ते शेजारी मांडा. निम्म्या वेळा उत्तर या कागदावरच सापडते.

तक्रार नेमकी कोणती?

'गिअर पडत नाही' एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. अडचण कोणत्या गिअरला येते, केव्हा येते आणि हाताला कशी लागते, हे आधी पाहा.

सगळेच गिअर अडत असतील, उभ्या गाडीत पहिला आणि रिव्हर्स जास्तच अडत असतील, तर क्लचकडे बोट जाते. एकच गिअर त्रास देत असेल, समजा दुसरा, आणि तोही फक्त घाईत टाकताना करकरत असेल, पण सावकाश टाकला की मुकाट पडत असेल, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर बसण्याआधी वेग जुळवणारी कडी) झिजलेली असण्याची शक्यता मोठी.

लिव्हरच्या दिशेवरूनही बरेच कळते, आणि ही गोष्ट नवखे हमखास विसरतात. नेहमीच्या मांडणीत पहिला, तिसरा, पाचवा पुढे असतात आणि दुसरा, चौथा मागे. पुढचे तिन्ही नीट बसत नाहीत पण मागचे व्यवस्थित बसतात, असे असेल तर लिव्हर पुढे जाताना कशाला तरी अडतोय, किंवा पुढे-मागे सरकवणाऱ्या केबलचे माप चुकले आहे. तीन वेगवेगळ्या सिंक्रो रिंग एकाच आठवड्यात एकदम संपत नाहीत. उलट एका कडेचे गिअर, म्हणजे फक्त पहिला-दुसरा किंवा फक्त पाचवा-रिव्हर्स, सापडतच नसतील तर आडव्या हालचालीची केबल किंवा तिची अॅडजस्टमेंट पाहायची.

सकाळी थंड गाडीत पहिली काही मिनिटे गिअर जड वाटणे हा दोष नव्हे, ऑईल घट्ट असते. तसेच उभ्या गाडीत पहिला गिअर कधीतरी एखाद्या वेळी अडला, पण न्यूट्रल करून क्लच एकदा सोडून पुन्हा दाबल्यावर पडला, तर तेही चालण्यासारखे आहे. आतल्या दात्यासमोर दाताच आला होता, एवढाच त्याचा अर्थ.

इंजिन बंद ठेवून, मग चालू करून

ही चाचणी फुकट आहे, दोन मिनिटांची आहे, आणि पुढचा सगळा तपास यावर ठरतो.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि एकेक करून सगळे गिअर टाका. एखादा अडला तर हँडब्रेक सोडून गाडी किंचित पुढे-मागे हलवून पुन्हा टाका. सगळे सहज पडतात? मग इंजिन चालू करा आणि पुन्हा तेच करा. बंद असताना लोण्यासारखे आणि चालू झाल्यावर दगडासारखे, असा फरक पडला तर क्लच पूर्ण सुटत नाही. बंद इंजिनावरही तितकेच जड असतील तर क्लचचा विषय तूर्त सोडा आणि थेट लिव्हर-केबलच्या भागाकडे या.

पहिला निकाल आला असेल तर खात्रीसाठी आणखी दोन गोष्टी. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर ठेवा, क्लच तळापर्यंत दाबा, मनात दहापर्यंत मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो. क्लच खरोखर सुटला असेल तर तेवढ्या वेळात आतला इनपुट शाफ्ट (क्लचकडून फिरणारा दांडा) थांबतो आणि रिव्हर्स गुपचूप पडतो. दहा मोजूनही करकर आली तर शाफ्ट अजून फिरतोय. रिव्हर्सला सिंक्रो असलेल्या गाडीत ही खूण मिळणार नाही. तिथे समोर भरपूर मोकळी जागा बघून, पहिला गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबलेला ठेवून इंजिन हळूहळू 2,500 आरपीएमपर्यंत न्या. एक पाय ब्रेकजवळ तयार हवा. गाडी पुढे सरकू लागली, तर आणखी पुरावा नको.

आता क्लच कुठे पकडतो तेही बघून ठेवा. पेडल जमिनीवरून जेमतेम उचलल्याबरोबर गाडी ओढू लागत असेल तर सुटण्यासाठी जागाच उरलेली नाही.

पेडलपासून सुरुवात करा

इथे माझी एक फजिती सांगतो. गाडीत आवाज कमी यावा म्हणून मी फ्लोअरवर डॅम्पिंग शीट चिकटवले, वर फोम आणि त्यावर नवी जाड मॅट. त्याच महिन्यात क्लचही बदलला होता. गिअर अडू लागले आणि मी अर्थातच क्लच बसवणाऱ्याला दोष देत राहिलो. गिअरबॉक्स एकदा उतरवून परत चढवला, फरक शून्य. शेवटी एका मित्राने खाली वाकून पेडलमागे हात घातला आणि विचारले, "हे इतकं मऊ काय आहे इथं?" मॅट काढली, फोम कापला, रिव्हर्स मुकाट पडला.

हे का होते ते आकड्यांत पाहा. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे असतील. पेडलची चाल 125 मिमी आणि पेडलचे प्रमाण 5 ला 1 असेल तर मास्टर सिलिंडरचा (हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलकडे असतो तो) पिस्टन 25 मिमी सरकतो. मास्टरचा व्यास 16 मिमी आणि स्लेव्हचा (गिअरबॉक्सकडच्या सिलिंडरचा) 20 मिमी धरला तर क्षेत्रफळांचे प्रमाण 256 ला 400, म्हणजे 0.64. स्लेव्हची दांडी 16 मिमी सरकणार. मॅटने पेडलचे 20 मिमी खाल्ले की मास्टरला 21 मिमीच मिळतात आणि दांडी साडेतेरा मिमीच्या आतच थांबते. अडीच मिमीची तूट ऐकायला किरकोळ वाटते, पण प्लेट सुटायला लागणारी फट त्याहून कितीतरी बारीक असते.

म्हणून आधी मॅट काढा. मग पेडलची चाल पट्टीने मोजा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पेडलची उंची आणि मोकळी चाल दिलेली असते, तिच्याशी जुळवा. त्यानंतर मित्राला क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून मास्टर सिलिंडर जिथे बसतो त्या पत्र्याकडे बघा. कडक प्रेशर प्लेट (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) बसवल्यावर पेडलचा जोर वाढतो आणि जुन्या गाडीत तो पत्राच वाकताना दिसतो, कधी कधी त्याला चीरही गेलेली असते. पत्रा जेवढा वाकला तेवढी चाल वाया गेली. त्यावर पत्र्याला आधार देणे हाच इलाज, अॅडजस्टमेंट फिरवून तो झाकला जात नाही.

केबलचा क्लच असेल तर केबलच्या दोन्ही टोकांना तार उसवली आहे का ते पाहा आणि मोकळी चाल मॅन्युअलप्रमाणे लावा. नवीन एक्झॉस्ट हेडर (इंजिनातून निघणारा धुराचा पाइप) केबलजवळून जात असेल तर केबलचे आतले प्लास्टिक उष्णतेने मऊ पडते आणि ती जड होते.

हायड्रॉलिक क्लच असेल तर पेडल भरभर चार वेळा मारा आणि लगेच गिअर टाका. आता सहज पडला आणि क्लच वरती पकडू लागला, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टरचा सील गेला आहे. दोन्हींतला फरक ओळखायचा तर इंजिन चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये, समोर मोकळी जागा ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरा. सुरुवातीला ठीक असलेली गाडी हळूहळू ओढू लागली, तर दाब कुठून तरी गळतोय. बाहेर कुठेच ओल नसेल तर तो मास्टरच्या आतल्या सीलमधून मागे जातोय.

हवा काढताना ब्लीडिंग निप्पल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) सिलिंडरच्या सर्वांत वरच्या बाजूला हवा. हे सांगायचे कारण असे की इंजिन किंवा गिअरबॉक्स बदललेल्या गाड्यांत स्लेव्ह कधी कधी उलटा किंवा तिरका बसवलेला असतो. मग कितीही ब्लीड करा, वरच्या कोपऱ्यातला बुडबुडा हलत नाही. असा स्लेव्ह सोडवून, निप्पल वर धरून, पिस्टन बाहेर उडणार नाही अशा बेताने दाबून धरून हवा काढावी लागते. ब्रेक ऑईल डॉट 3, डॉट 4 किंवा डॉट 5.1, जे टाकीच्या झाकणावर लिहिले असेल तेच वापरा. डॉट 5 सिलिकॉनचे असते, ते यांत मिसळायचे नाही. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलून येतो.

गाडी गार असताना ठीक आणि अर्ध्या तासाने गिअर अडतात, असे होत असेल तर क्लचचा पाइप टर्बो किंवा हेडरच्या किती जवळून जातो ते बघा. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते आणि जुने झाले की लवकर उकळते. नव्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू निदान 230 अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषलेल्याचा 155 पर्यंत खाली येऊ शकतो. पाइपाचा मार्ग बदला, उष्णतारोधक आवरण घाला आणि ऑईल नवे भरा.

नवा क्लच, जुनी मापे

पेडल, लाइन, सील सगळे ठीक आणि तरीही क्लच सुटत नाही, मग बसवलेल्या मालाचा हिशेब करायचा. स्लेव्हच्या दांडीची चाल पट्टी लावून मोजा आणि क्लच किट बनवणाऱ्याने जी मागितली आहे तिच्याशी ताडून बघा. ट्विन प्लेट क्लचमध्ये चार घर्षणपृष्ठे असतात आणि चारही सुटायला हवीत, त्यामुळे त्याला चालीची गरज जास्त.

चाल कमी पडली की बरेच जण मोठा मास्टर सिलिंडर लावतात. उपाय बरोबर आहे, पण अंदाजे करू नका. 15.87 मिमीचा काढून 19.05 मिमीचा लावला तर क्षेत्रफळ 44 टक्क्यांनी वाढते. पेडल तितके जड होते, आणि चाल गरजेपेक्षा जास्त झाली तर प्रेशर प्लेटची बोटे प्रमाणाबाहेर दाबली जातात किंवा स्लेव्हचा पिस्टन सिलिंडरबाहेर येतो. असा बदल केला तर पेडलखाली स्टॉपर लावून चाल हवी तिथे थांबवा.

फ्लायव्हील घासून घेतले होते का? मग किती, ते विचारा. पृष्ठभाग घासला की अख्खा क्लच तेवढा इंजिनाकडे सरकतो आणि क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगला तेवढे अंतर जास्त कापावे लागते. खोलगट फ्लायव्हीलमध्ये आतला पृष्ठभाग आणि बाहेरची कड यांच्या उंचीतला फरक मॅन्युअलप्रमाणे राखावा लागतो. फक्त आतला भाग घासला आणि कड तशीच ठेवली तर प्रेशर प्लेटचे गणितच बदलते. हलके फ्लायव्हील मात्र स्वतःहून गिअर अडवत नाही. त्याने आरपीएम लवकर पडतात आणि चालवायची सवय बदलावी लागते. क्लच पूर्ण सुटत असेल तर सिंक्रोला इंजिनाच्या वेगाशी देणेघेणे नसते.

लिव्हर, केबल, माउंट

बंद इंजिनावरही ज्यांचे गिअर जड होते, त्या वाचकांनी इथे यावे.

केबलच्या गाडीत एक चाचणी मला सर्वांत जास्त आवडते, कारण तिच्यात वादाला जागा राहत नाही. इंजिन बंद, गाडी सपाट जागी, चाकांना अडण. गिअरबॉक्सवरच्या दोन्ही केबलची टोके काढा आणि तिथला दांडा हातानेच हलवा. एक हालचाल गल्ली (गिअरची रांग) निवडण्याची, दुसरी गिअर टाकण्याची. गिअर 'टक्' करून स्वच्छ बसत असतील तर गिअरबॉक्स सुटला, चूक वरच्या अंगाला आहे. आता मोकळ्या केबलवर लिव्हर हलवा. खरखर, अडथळा, स्प्रिंगसारखा परतावा, काही लागते का? नव्या एअर इनटेकच्या पाइपाखाली केबल दाबली गेली असेल किंवा तिला तीव्र वळण दिले असेल तर इथेच कळते.

दांड्याच्या लिंकेजमध्ये बुश बघा. प्लास्टिकचे बुश संपले की लिव्हर बोटभर सैल हलतो आणि गिअर सापडत नाहीत. मोठा सायलेन्सर पाइप लिंकेजच्या दांड्याला घासत नाही ना, तेही गाडीखाली जाऊन पाहा. गाडीखाली जाताना जॅक स्टँड हवेतच. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मुंडके घालू नका.

शॉर्ट शिफ्टरबद्दल लोक एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. चाल 30 टक्के कमी झाली की हाताला जोर साधारण 1.4 पट लावावा लागतो, तरफेचा साधा नियम. म्हणजे तो बसवल्यापासून गिअर 'जड' झाले, ही तक्रार नसून सौद्याचा भाग आहे. मात्र लिव्हर कन्सोलच्या कडेला टेकून गिअर अर्धवट बसत असेल, तर ती चूक आहे. कन्सोलचे झाकण काढून चालवून बघितले की लगेच समजते. वजनदार नॉब लावला की गिअर गुळगुळीत पडल्यासारखे वाटतात. दुखणे तसेच राहते, फक्त हाताला कळत नाही.

माउंटची खूण निराळी. सावकाश चालवताना सगळे छान, पण जोरात अॅक्सिलरेट करून गिअर बदलताना अडतो, किंवा गिअर निसटून न्यूट्रल होतो. इंजिन हलते, गिअरबॉक्स त्याच्याबरोबर हलतो, लिव्हर मात्र बॉडीला बांधलेला. एकच माउंट कडक आणि बाकीचे जुने रबरी ठेवले तर इंजिन कडक माउंटभोवती फिरू लागते. बदलायचे तर मिळून सगळे बदला.

ऑईल

मॅन्युअलमध्ये लिहिलेले ग्रेड टाका. 75डब्ल्यू-80 च्या जागी घट्ट ऑईल भरले तर थंडीत गिअर जड होणारच. जीएल-4 आणि जीएल-5 या गिअर ऑईलच्या श्रेणी. जीएल-5 मूळचे डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरसाठी, त्यात दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची रसायने जास्त असतात. जीएल-4 मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये ते टाकले तर पितळी सिंक्रो रिंगला हवी तेवढी पकड मिळत नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एलएसडी (चाक घसरणे मर्यादित ठेवणारे डिफरन्शियल) बसवली असेल तर सांभाळा. एलएसडीसाठीचे घर्षण कमी करणारे अॅडिटिव्ह त्याच ऑईलमधून सिंक्रोपर्यंत पोचते आणि गिअर करकरू लागतात.

ऑईल काढाल तेव्हा मॅग्नेटवाल्या ड्रेन बोल्टवर काय चिकटले आहे ते बोटांत घेऊन चोळा. करड्या पेस्टसारखा थर नेहमीचाच. पितळेची चकाकी लोहचुंबकाला चिकटत नाही, ती ऑईलमध्येच सोनेरी धूळ होऊन दिसते, म्हणून ऑईल पांढऱ्या भांड्यात काढा. धातूचे तुकडे हाताला लागले तर गिअरबॉक्स उघडायलाच हवा.

उतरवावाच लागला तर

वरचे सगळे करून गिअरबॉक्स खाली आला, तर प्लेट काढण्याआधी ती कोणत्या बाजूने बसली आहे ते बघा. फ्लायव्हीलकडची बाजू बहुतेक प्लेटवर लिहिलेली असते. उलटी बसली तर हबच्या स्प्रिंग फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतात आणि प्लेट सुटत नाही. प्लेट इनपुट शाफ्टवर हाताने सरकवून बघा, ती अलगद सरकायला हवी. गंज किंवा ग्रीसचा लगदा असेल तर साफ करून पातळसा थर लावा. पायलट बेअरिंगमध्ये (क्रँकच्या टोकात बसून इनपुट शाफ्टचे टोक धरणाऱ्या बेअरिंगमध्ये) बोट घालून फिरवा. ते जाम असेल तर क्लच सुटूनही क्रँक इनपुट शाफ्टला फिरवत राहतो, आणि लक्षणे हुबेहूब क्लच न सुटल्यासारखी. क्लचची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो.

आणि इंजिन-गिअरबॉक्स जोडणीवरच्या डॉवेल पिना (दोन भाग नेमके जुळवणाऱ्या खुंट्या) मोजा. इंजिन बदलताना जुन्या ब्लॉकमधल्या पिना तिथेच राहून जातात आणि नव्या जोडणीत गिअरबॉक्स नुसत्या बोल्टवर लटकतो. बोल्टच्या भोकांत ढिलाई असते, त्यामुळे इनपुट शाफ्ट क्रँकच्या मध्याशी जुळत नाही, गिअर जड पडतात आणि पायलट बेअरिंग पुन्हा पुन्हा जाते. पिना नसतील तर त्या बसवल्याशिवाय गिअरबॉक्स वर चढवू नका. चढवतानाही त्याचे वजन शाफ्टवर, म्हणजेच प्लेटच्या हबवर, लटकू देऊ नका. वाकलेली प्लेट नवी असली तरी सुटत नाही, आणि मग तुम्ही पुन्हा पहिल्या चाचणीवर येऊन दहापर्यंत मोजत बसाल.